जीआयएसचा गटप्रकल्प: काम वाटायचं सॉफ्टवेअरच्या पायऱ्यांनी की जमिनीच्या तुकड्यांनी?

टेकडीपलीकडे
पुण्यातल्या एका महाविद्यालयात एम.एस्सी.ला जीआयएस (नकाशे आणि त्यांना जोडलेली माहिती संगणकावर हाताळण्याचं तंत्र) शिकवते. येत्या सत्राच्या गटप्रकल्पासाठी आंबिल ओढ्याचं पाणलोट क्षेत्र निवडलं आहे. कात्रजच्या डोंगरापासून धनकवडी, सहकारनगर, दांडेकर पूल करत मुठेला मिळेपर्यंतचा सगळा पट्टा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या ओढ्याला आलेला पूर अनेकांच्या लक्षात असेल. माणसं गेली, सीमाभिंती कोसळल्या, गाड्या वाहून गेल्या. वर्गातली बरीच मुलं ओढ्याच्या आसपासच राहतात, पण तो कुठून येतो आणि वाटेत त्याला कोणते नाले मिळतात, हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून हाच विषय हवा आहे.

अडचण कामाच्या वाटपाची आहे. पाच जणांचा गट केला की मुलं आपापसात ठरवतात: एकानं टोपोशीट (छापील सर्वेक्षण नकाशा) जिओरेफरन्स करायची, म्हणजे खऱ्या अक्षांश-रेखांशांवर बसवायची, दुसरीनं डिजिटायझेशन (त्यावरचे रस्ते, नाले संगणकावर रेखाटणं), तिसऱ्यानं उपग्रह प्रतिमेचं वर्गीकरण, चौथीनं विश्लेषण आणि पाचव्यानं अहवाल. तोंडी परीक्षेत अहवाल लिहिणाऱ्याला विचारलं की रस्त्यांचा थर कोणत्या प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायच्या पद्धतीत) आहे, तर तो डिजिटायझेशन करणारीकडे बघतो. नकाशा सुंदर झालेला असतो, पण तो अथपासून इतिपर्यंत कसा झाला हे एकालाही माहीत नसतं.

यंदा उलटं करायचा विचार आहे. ओढ्याचे पाच तुकडे करायचे, प्रत्येकानं आपल्या तुकड्याचं सगळं काम स्वतः करायचं आणि शेवटी पाचही तुकडे जोडायचे. जोडताना शेजाऱ्याचा रस्ता माझ्या रस्त्याला मिळतो का, त्याचं 'गवताळ' माझ्या हद्दीत शिरल्यावर 'पडीक' होतं का, हे तिथेच दिसेल. मला वाटतं जीआयएसमधलं खरं गटकाम या शिवणीवर आहे. पायऱ्या वाटून घेतल्या की शिवणच राहत नाही, सगळं एकामागून एक पुढे सरकवलं जातं.

शिकवणाऱ्यांचे, शिकलेल्यांचे आणि सध्या शिकणाऱ्यांचे अनुभव हवे आहेत. गुण कसे द्यायचे यावरही लिहा.

वऱ्हाडी पाऊलवाट
ताई, कल्पना पटली. मी विदर्भात शिकवतो आणि आमच्याकडे तुकड्यांची पद्धत आपोआपच आली, कारण मुलं आपापल्या तालुक्यावर काम करायला मागतात. त्यातून शिकायला मिळालेली पहिली गोष्ट म्हणजे यूटीएमचा झोन. यूटीएम या प्रोजेक्शनमध्ये पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे उभे पट्टे पाडतात, त्यातला एक पट्टा म्हणजे एक झोन. ७८ अंश पूर्व रेखांशावर झोन ४३ संपतो आणि ४४ सुरू होतो. ही रेघ आमच्या यवतमाळ जिल्ह्यातूनच जाते. अमरावती ४३ मध्ये, वर्धा आणि नागपूर ४४ मध्ये. पुण्या-मुंबईकडे हा प्रश्न कधी येत नाही, त्यामुळे तिकडच्या नोट्स वाचून आलेल्या मुलांना तो माहीतच नसतो.

गटात काय होतं ते सांगतो. एकाचा थर ईपीएसजी ३२६४३ मध्ये (हा झोन ४३ चा संकेतांक), दुसरीचा ३२६४४ मध्ये (झोन ४४). दोन्ही नुसते उघडले तर क्यूजीआयएस (जीआयएसचं मोफत सॉफ्टवेअर) ते बरोबर जुळवून दाखवतं. मग कुणाला तरी दोन्ही सारखे करायचे असतात आणि तो 'रीप्रोजेक्ट' करायच्या (आकडे नव्या झोनप्रमाणे बदलून घ्यायच्या) जागी 'असाइन' करतो. आकडे तेच राहतात, झोन बदलतो, आणि यवतमाळातलं गाव सहाशेहून अधिक किलोमीटर पूर्वेला ओडिशात जाऊन बसतं. एकट्यानं काम करणाऱ्याला ही चूक वर्षभर भेटणार नाही. गटात ती पहिल्याच जोडणीत भेटते आणि ज्याला भेटते तो ती जन्मात विसरत नाही.

तुमच्या ओढ्याला झोनचा त्रास नाही, पण टोपोशीटचा आहे. जुन्या मालिकेत १८ अंश ३० मिनिटांवर ४७ एफ/१४ आणि ४७ एफ/१५ ही पत्रकं एकमेकांना भेटतात, आणि ते अक्षवृत्त पर्वती-स्वारगेटच्या जवळून जातं. म्हणजे कात्रजकडचा बहुतेक भाग १५ मध्ये आणि ओढ्याचं शेपूट १४ मध्ये. ही जुनी पत्रकं एव्हरेस्ट डेटमवर (अक्षांश-रेखांश मोजायच्या जुन्या पायावर) आहेत. कुणी थेट डब्ल्यूजीएस ८४ (जीपीएस वापरतं तो पाया) समजून काम केलं तर सगळं शंभर मीटरांहून जास्त सरकेल. ओढ्याकाठच्या वस्तीत शंभर मीटर म्हणजे कोणाचं घर काठावर आणि कोणाचं नाही, एवढा फरक.

शून्य रेखांश
मी या क्षेत्रात नोकरी करतो, म्हणून थोडी वेगळी बाजू. कंपनीत काम पायऱ्यांनीच वाटलेलं असतं. डिजिटायझेशन करणारे वेगळे, गुणवत्ता तपासणारे वेगळे, विश्लेषक वेगळे. त्यामुळे मुलांनी पायऱ्या वाटून घेतल्या तर ते वास्तवापासून फार दूर नाही. पुढच्याला वापरता येईल असा थर तयार करून देणं हेही कौशल्य आहे, आणि ते तुकड्यांच्या पद्धतीत कमी शिकायला मिळेल.

तरी मुलाखती घेताना मला काय जाणवतं तेही सांगतो. उमेदवार प्रकल्प दाखवतो. मी विचारतो, हा पाणलोटाचा थर कसा काढलात? उत्तर 'आम्ही' ने सुरू होतं आणि दोन वाक्यांत संपतं. ज्या मुलीनं एकाच छोट्या गावाचं का होईना पण सगळं काम स्वतः केलेलं असतं, ती वीस मिनिटं बोलते. कुठे अडलं, काय टाकून द्यावं लागलं, सगळं सांगते. निवड तिची होते.

एक व्यवहाराची गोष्ट. गटकामात शेपफाइल (थर साठवायचा एक जुना फाइल-प्रकार) वापरू देऊ नका. चार-पाच फायलींचा संच असतो, पेनड्राइव्हवरून देताना त्यातली प्रोजेक्शन सांगणारी पीआरजे फाइल राहून जाते आणि थर कोणत्या प्रोजेक्शनमध्ये होता ते कळेनासं होतं. स्तंभाच्या नावाला दहाच अक्षरं मिळतात, म्हणून प्रत्येकजण आपापली लघुरूपं करतो आणि जोडताना स्तंभ जुळत नाहीत. जिओपॅकेज घ्या, सगळं एका फाइलमध्ये राहतं. फक्त ती फाइल सामायिक ड्राइव्हवर ठेवून पाच जणांनी एकाच वेळी संपादित करू नये. प्रत्येकाची वेगळी फाइल आणि जोडणीची जबाबदारी आळीपाळीनं, एवढं पुरतं.

बाकावरची
मी सध्या तिसऱ्या सत्रात आहे, तुमच्या महाविद्यालयात नाही. विद्यार्थ्यांच्या बाजूनं लिहिते.

गटात काम कोण करतं हे बऱ्याचदा लॅपटॉप ठरवतो. ज्याच्याकडे १६ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे त्याच्याकडे प्रतिमेचं वर्गीकरण जातं. ज्यांच्या लॅपटॉपवर क्यूजीआयएस उघडायलाच वेळ लागतो त्यांना 'तू माहिती गोळा कर' असं सांगितलं जातं. कोणी वाईट हेतूनं करत नाही, पण सत्राच्या शेवटी एकाला सगळं येतं आणि बाकीच्यांना तोंडओळख.

दुसरी गोष्ट मला जास्त खुपते. मिश्र गटात मुलींकडे अहवाल आणि सादरीकरण येतं, मुलांकडे जीपीएस आणि सॉफ्टवेअर. 'तुझं लिखाण चांगलं आहे' असं कौतुकानंच म्हणतात. फील्डवर गेलो तर 'तुम्ही सावलीत थांबा, आम्ही खाली उतरून येतो'. मला खाली उतरायचं होतं. तुकड्यांची पद्धत असेल तर निदान हे होणार नाही, माझा तुकडा म्हणजे मलाच उतरावं लागेल. म्हणून माझा या पद्धतीला मनापासून पाठिंबा.

पण गुणांची भीती आहे. माझ्या शेजारच्या तुकड्यावाल्यानं कामच केलं नाही तर माझी शिवण कोणाशी जुळवू? त्याच्या आळसाचे गुण माझे का जावेत?

ठिपका
@बाकावरची, यावर ओपनस्ट्रीटमॅपच्या (स्वयंसेवकांनी मिळून काढलेल्या जगाच्या मोफत नकाशाच्या) जगात बरंच डोकं चाललं आहे. जानेवारी २०१० मध्ये हैतीला भूकंप झाला तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी घरबसल्या रस्ते आणि इमारती काढल्या. एकच भाग दोघं काढायचे आणि दुसरा कोणीच काढायचा नाही, असं होऊ नये म्हणून पुढे टास्किंग मॅनेजर आला. क्षेत्राचे चौकोन पाडायचे, काम चालू असेपर्यंत चौकोन त्या व्यक्तीच्या नावावर आणि काम झाल्यावर तो दुसऱ्याच कुणीतरी तपासायचा. एप्रिल २०१५ च्या नेपाळच्या भूकंपातही हीच रीत कामी आली. अनेक विद्यापीठांचे विद्यार्थी गट आज यूथमॅपर्सच्या माध्यमातून असं काम करतात.

यातली तपासणीची पायरी वर्गात आणावी. प्रत्येकाला एक तुकडा करायला आणि एक वेगळा तुकडा तपासायला द्या. तपासणीची नोंद लेखी हवी: कुठे इमारत सुटली, कुठे दोन बहुभुजांमध्ये फट राहिली, कुठे रस्ते एकमेकांना न चिकटता थांबले. या नोंदीला वेगळे गुण द्या. कामचुकार शेजारी असला तरी 'त्याच्या तुकड्यात काय नाही' ही नोंद तुझीच असेल आणि गुणही तुझेच.

वऱ्हाडी पाऊलवाट
त्याला जोडून आमची युक्ती सांगतो. तुकडे एकमेकांना नुसते चिकटून ठेवू नका, २०० मीटरचा पट्टा दोघांच्या हद्दीत येईल असे ठेवा. त्या पट्ट्याचं काम दोघांनी एकमेकांचं न बघता करायचं. मग पट्ट्यावर दोन स्वतंत्र नकाशे मिळतात आणि ते एकावर एक टाकून किती टक्के क्षेत्र जुळलं ते काढता येतं. पुस्तकात अचूकतेचा तक्ता आणि कप्पा गुणांक (जुळणी योगायोगापलीकडे किती, हे सांगणारा आकडा) यांवर धडा असतो, तो मुलांना कोरडा वाटतो. इथे तोच तक्ता त्यांच्या आणि मित्राच्या कामावर बसतो. शेजाऱ्यानं काम केलं नाही तर पट्टा तुमच्याकडे आहेच, शिवण अडत नाही.

आणि पट्ट्यावर फरक निघाला की शिक्षकानं निकाल देऊ नये. दोघांनी जागेवर जावं.

टेकडीपलीकडे
२०० मीटरचा पट्टा! ही गोष्ट मी नक्की घेते आहे. मनापासून धन्यवाद.

@बाकावरची, तुम्ही लिहिलेलं वाचून बराच वेळ विचार करत होते. लॅपटॉपचं उत्तर तुकड्यांतच थोडं मिळतं, लहान क्षेत्राची प्रतिमा कापून घेतली की साध्या मशीनवरही चालते. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटरच्या (एक ठिपका म्हणजे १० मीटर) प्रतिमेत एका तुकड्याचा भाग अगदी छोटा येतो. फील्डवर जाताना तिघांनी मिळून जायचं, एकट्यानं कोणीच नाही, पण ज्याचा तुकडा त्यानंच मोजमाप घ्यायचं असा नियम करते.

वर्गीकरणाबद्दल माझा एक आग्रह आहे. कात्रजच्या डोंगरउतारांना मे महिन्याच्या प्रतिमेत पाहिलं तर पिवळं-तपकिरी दिसतं आणि मुलं सरळ 'पडीक' असा शिक्का मारतात. ऑक्टोबरच्या प्रतिमेत तोच उतार हिरवा असतो. ती गवताळ जमीन आहे, तिथे पक्षी घरटी करतात, गुरं चरतात, पावसाचं पाणी मुरतं. पुणे-सासवड-बारामती-सोलापूर पट्ट्यातली कितीतरी माळरानं नकाशावर पडीक ठरली आणि मग ती कशासाठीही वापरायला मोकळी आहेत असं मानलं गेलं. म्हणून वर्गांच्या व्याख्या गटानं पहिल्याच फील्डफेरीत उभं राहून ठरवायच्या आणि दोन ऋतूंच्या प्रतिमा बघितल्याशिवाय 'पडीक' हा वर्ग वापरायचा नाही, असं सांगणार आहे.

पवनचक्की
नेदरलँड्समधून लिहितोय, एन्स्खेडेच्या आयटीसी या जीआयएस शिकवणाऱ्या संस्थेत शिकलो. संस्था १९५० पासूनची आहे, आता ट्वेंटे विद्यापीठाचा भाग. वर्गात आफ्रिका, आशिया, दक्षिण अमेरिकेतले लोक आणि त्यातले कित्येक आपापल्या देशात सरकारी खात्यात काम केलेले.

तुमच्या योजनेत एक तांत्रिक खाच आहे. जमिनीचा वापर, इमारती, रस्ते हे तुकड्यांनी करता येतं. पाण्याचा प्रवाह मात्र तसा करता येत नाही. प्रत्येकानं डीईएम (जमिनीच्या उंचीचं अंकीय जाळं) आपल्या हद्दीपुरतं कापून त्यावर प्रवाह-संचय (कुठे किती पाणी गोळा होतं ते) काढला तर दांडेकर पुलाच्या तुकड्याला वाटेल की पाणी आपल्याच हद्दीत जन्मलं. वरून कात्रजचं सगळं पाणी येतंय हे त्याच्या आकड्यात दिसणारच नाही. म्हणून डीईएमचं काम पूर्ण पाणलोटावर आणि तेही प्रत्येकानं स्वतंत्रपणे करावं. पाच जणांच्या पाणलोट सीमा एकावर एक टाकून बघा. डीईएममधले खड्डे भरायची पद्धत आणि निर्गम बिंदू (पाणी बाहेर पडतं ती जागा) कुठे ठेवला यावरून त्या वेगळ्या येतील, आणि शहरात तर फारच.

इकडे एएचएन नावाची देशभराची लायडार (लेझरनं मोजलेली) उंची-माहिती अर्ध्या मीटरच्या जाळीवर सर्वांना मोफत मिळते. विद्यार्थी पहिल्या दिवसापासून प्रश्नावर काम करू शकतात. आपल्याकडे निम्मा वेळ माहिती जमवण्यात आणि जुळवण्यात जातो. मला पूर्वी हे नुकसान वाटायचं. आता वाटतं की आकडा कुठून आला, कोणी कधी मोजला, हे विचारायची सवय आपल्या मुलांना त्यातूनच लागते. ती मी इथे अनेकांमध्ये पाहिली नाही.

पाटकरी
पाटबंधारे खात्यातून निवृत्त आहे. सॉफ्टवेअरमधलं मला फार कळत नाही, पण ओढा कळतो, म्हणून लिहितो.

३० मीटरच्या जाळीवर शहरातला ओढा दिसत नाही. तुमचा एसआरटीएम (अंतराळयानातून मोजलेलं डीईएम) २००० सालच्या फेब्रुवारीतला आहे आणि त्यात इमारतींचे माथेही उंचीत मिसळलेले असतात. कार्टोसॅट या भारतीय उपग्रहाचं डीईएमही ३० मीटरचंच मिळतं. ओढा जिथे रस्त्याखालून मोरीतून जातो तिथे संगणकाला रस्ता म्हणजे बांध वाटतो आणि तो पाणी भलतीकडे वळवतो. मुलांना टेप देऊन मोऱ्या मोजायला पाठवा. रुंदी, उंची, किती गाळ साचलाय, कोणत्या पाइपलाइन आडव्या गेल्यात. पूर कुठे तुंबतो हे मोरी सांगते. पाच तुकड्यांतल्या सगळ्या मोऱ्यांचा एक थर झाला तरी तो माझ्या मते प्रकल्पातला सर्वांत मोलाचा भाग असेल.

आणि एक कळकळीची विनंती. मुलांच्या नकाशावर 'पूरक्षेत्र' असा निळा पट्टा रंगवू देऊ नका. आपल्याकडे निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, आणि त्या आखायला विसर्ग, काटछेद, पावसाच्या नोंदी असं बरंच लागतं. विद्यार्थ्यांचा नकाशा व्हॉट्सॲपवर गेला की तो वर्गपाठ आहे हे कोणी वाचत नाही. कुणाचा घराचा व्यवहार मोडेल, कुणी घाबरेल, आणि कुणी पट्ट्याबाहेर आहे म्हणून बेसावध राहील. शेवटचं सर्वांत वाईट.

टेकडीपलीकडे
काका, नमस्कार. मोऱ्यांचा थर नक्की. निळ्या पट्ट्याबद्दल मात्र थोडं बोलू द्या. ज्या सोसायट्यांनी २०१९ सोसलं, त्यांच्याकडून आम्ही माहिती घेणार आणि नंतर त्यांना काहीच दाखवणार नाही, हे मला बरं वाटत नाही. लोक मुलांना घरात बोलावतात, भिंतीवरची खूण दाखवतात, काय वाहून गेलं ते सांगतात. त्यांना परत काहीतरी द्यायला हवं.

पाटकरी
द्यायला हवंच. खुणा द्या. जिथे लोकांनी पाण्याची पातळी दाखवली तिथे बिंदू ठेवा. जमिनीपासून किती सेंटिमीटर, कोणत्या इमारतीवर, किती जणांनी दुजोरा दिला. हे घडून गेलेलं आहे, त्यात अंदाज नाही. दोन बिंदूंच्या मध्ये रंग भरला की अंदाज सुरू होतो. अशा खुणांची नोंद लवकर पुसली जाते, भिंतीला रंग लागला की संपलं. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराच्या खुणा पुण्यात होत्या, आता किती उरल्यात बघा. तुमच्या मुलांनी या ओढ्याच्या खुणा नोंदवल्या तर रहिवाशांना आणि आमच्या खात्यातल्या पुढच्या पिढीलाही उपयोग होईल.

टेकडीपलीकडे
हे पूर्ण पटलं. बिंदूच ठेवू, आणि प्रत्येक बिंदूला दुजोऱ्याचा स्तंभ. माहिती देणाऱ्याचं नाव आणि घर क्रमांक सार्वजनिक थरात येणार नाही, याची काळजी मीच घेईन.

शून्य रेखांश
बिंदू घेणार असाल तर दोन गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवून टाका, नाहीतर पाच जणांचे बिंदू कधीच जुळणार नाहीत.

अक्षांश-रेखांश कसे लिहायचे ते ठरवा. एकजण १८ अंश ३० मिनिटं १५ सेकंद लिहितो, दुसरी दशांशात १८.५०४२ लिहिते, आणि तक्ता भरणारा पहिल्याचं १८.३०१५ करून टाकतो. वीस किलोमीटरहून जास्त चूक, आणि आकडा दिसायला अगदी बरोबर.

उंचीचं त्याहून अवघड आहे. काही मोबाइल ॲप लंबगोलावरची (पृथ्वीच्या गणिती आकारापासूनची) उंची देतात, काही समुद्रसपाटीपासूनची. पुण्यात या दोन्हींत साठ मीटरांहून जास्त फरक पडतो. एकाच कट्ट्यावर उभ्या असलेल्या दोघांचे फोन वेगळ्या मजल्यांवर असल्यासारखे आकडे देतील. उंची फोनवरून घेऊच नका. पाण्याची खूण जमिनीपासून टेपनं मोजा, काका म्हणतात तसं.

वऱ्हाडी पाऊलवाट
लोकसंख्येची माहिती जोडणार असाल तर नावावरून जोडू नका, जनगणनेच्या संकेतांकांवरून जोडा. आमच्या एका गटाला राज्याच्या नकाशात पालघर रिकामं मिळालं. २०११ च्या जनगणनेत पालघर जिल्हाच नव्हता, तो १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झाला. शिवाय मधल्या काळात जिल्ह्यांची नावं बदलली आहेत. शहरातल्या प्रभागांच्या हद्दी तर निवडणुकीगणिक हलतात. तुमच्या ओढ्यासाठी कोणत्या वर्षाचे प्रभाग धरलेत ते थराच्या नावातच लिहायला लावा.

बाकावरची
ताई, गुणांचं शेवटी काय ठरवलंत? आमच्या सरांना दाखवायचं आहे.

टेकडीपलीकडे
५० पैकी असं धरते आहे. स्वतःच्या तुकड्याला २०. दुसऱ्याचा तुकडा तपासल्याच्या लेखी नोंदीला १०. सामायिक पट्ट्यावरची तुलना आणि फरकाच्या जागी जाऊन काय आढळलं त्याच्या टिपणाला १०. उरलेले १० पूर्ण गटाच्या जोडलेल्या नकाशाला, ते सर्वांना सारखे. तोंडी परीक्षेत प्रश्न स्वतःच्या तुकड्यावर नसून जो तपासला त्यावर असतील. अहवालाला वेगळे गुण नाहीत, प्रत्येकानं आपल्या भागाचं आपण लिहायचं.

पट्ट्यावर जुळणीची टक्केवारी कमी आली म्हणून गुण कापणार नाही. कापले तर मुलं आधीच एकमेकांचं बघून काढतील. फरक का आला हे सांगता येतं का, एवढंच बघणार.

मोऱ्यांच्या नोंदीचा तक्ता तयार करते आहे. @पाटकरी काका, रुंदी, उंची, गाळाची जाडी, आडव्या पाइपलाइन आणि मोरीच्या वरच्या बाजूला अडकलेला कचरा एवढे रकाने घेतले आहेत. आणखी काय लागेल?

पाटकरी
मोरीच्या तळाचा उतार, डोळ्यांनी जमेल तेवढा. मोरी दगडी आहे, पाइपची आहे की काँक्रीटची पेटी. शेजारी राहणाऱ्याला विचारून ती शेवटची कधी साफ झाली ते. आणि मोजणी पावसाळ्याआधी उरका, आभाळ भरलेलं असेल त्या दिवशी मुलांना ओढ्यात उतरवू नका. कात्रजला पाऊस पडत असला तर खाली कोरडं असतानाही पाणी येतं.